कॉलेजची केमिस्ट्री आणि व्हेक्टर कॅल्क्युलस: गृहपाठ अडतो तेव्हा वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहपाठातलं गणित अडतं तेव्हा सहसा अख्खं गणित अडलेलं नसतं, त्यातली एक पायरी अडलेली असते. ती पायरी हाताला लागली की मदत मागणंही सोपं होतं आणि करणंही. खालचे बरेचसे प्रश्न अशाच ठरावीक पायऱ्यांचे आहेत. आकडे मुद्दाम पूर्ण दिले आहेत. वही जवळ ठेवा आणि आपल्या हाताने पडताळत वाचा.

स्वतः किती वेळ झगडावं आणि मदत कधी मागावी?

वीस ते तीस मिनिटं, पण पेन चालू असताना. प्रश्नाकडे नुसतं बघत बसलेला वेळ यात धरू नका. तेवढ्या वेळात तीन गोष्टी कागदावर यायला हव्यात: दिलेली माहिती एककांसह, काय काढायचं आहे ते त्याच्या एककासह, आणि एक चित्र किंवा संतुलित समीकरण. एवढं करूनही पहिली पायरी सुचत नसेल तर अडचण संकल्पनेची आहे. अशा वेळी त्याच धड्यातलं सोडवलेलं उदाहरण झाकून ठेवून पुन्हा स्वतः करा, आणि तेही जमलं नाही तर विचारा. पहिली पायरी सुचली, उत्तरही आलं, पण ते जुळत नाही, तर अडचण हिशेबाची, चिन्हाची किंवा एककाची आहे. या दोन अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या प्रकारच्या अडचणीत संपूर्ण धडा पुन्हा समजावून घेण्यात संध्याकाळ फुकट जाते.

शिक्षकांना, ट्यूटरला किंवा वर्गमित्राला प्रश्न कसा विचारावा?

‘बफर समजत नाही’ असं म्हटलं की समोरचा माणूस अख्खा बफर शिकवायला घेतो आणि तुमची शंका तशीच राहते. त्याऐवजी असं विचारा: ‘२५ मिली ०.१०० मोलार अ‍ॅसेटिक आम्लात २५ मिली ०.१०० मोलार सोडियम हायड्रॉक्साइड घातलंय. दोन्हींचे मोल सारखे आहेत म्हणून मी पीएच ७ धरला. पुस्तकात ८.७२ आहे. ७ का नाही?’ या चार वाक्यांत प्रश्न आला, तुमचा प्रयत्न आला, तुम्ही कुठे वळलात तेही आलं. उत्तर दोन मिनिटांत मिळतं. (ते पुढे दिलंच आहे.)

फोटो पाठवत असाल तर मूळ प्रश्न पूर्ण दिसू द्या. ‘भाग क’ पाठवून ‘भाग अ’मधले आकडे लपले तर कोणालाच काही करता येत नाही. स्थिरांकाची किंमत तुमच्या पुस्तकात कोणती दिली आहे तेही लिहा. अ‍ॅसेटिक आम्लाचा पीकेए (आम्ल किती सबल ते सांगणारा आकडा, केए या विघटन-स्थिरांकाचा ऋण लॉग) कुणी ४.७४ घेतो, कुणी ४.७६, आणि शेवटच्या अंकातला फरक तिथूनच येतो.

मोलची गणितं येतात असं वाटतं, तरी लिमिटिंग रिएजंटमध्ये (आधी संपणारा पदार्थ शोधताना) उत्तर चुकतं. कुठे?

बहुतेक वेळा दोन ठिकाणी: रेणुभारात, किंवा ग्रॅमची थेट तुलना करण्यात.

५.४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि १४.२ ग्रॅम क्लोरीन वायू घेतले, तर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड किती मिळेल? समीकरणात अ‍ॅल्युमिनियमचे २ अणू, क्लोरीनचे ३ रेणू आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची २ एककं आहेत. अ‍ॅल्युमिनियम ५.४ ÷ २७ = ०.२ मोल. क्लोरीन वायूचा रेणू दोन अणूंचा, म्हणून १४.२ ÷ ७१ = ०.२ मोल. आता प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने भागा: ०.२ ÷ २ = ०.१ आणि ०.२ ÷ ३ = ०.०६७. ज्याचा भागाकार लहान, तो आधी संपतो. म्हणजे क्लोरीन. दोघांचे मोल सारखे असूनही क्लोरीन कमी पडतो, हे नीट बघून घ्या.

क्लोराइड मिळेल ०.२ × २/३ = ०.१३३ मोल. त्याला १३३.५ ने गुणलं की १७.८ ग्रॅम. वापरलं गेलेलं अ‍ॅल्युमिनियमही ०.१३३ मोल, म्हणून उरलं ०.०६७ मोल, म्हणजे १.८ ग्रॅम. ताळा: १७.८ + १.८ = १९.६, आणि सुरुवातीला ५.४ + १४.२ = १९.६. जुळलं.

हा ताळा न चुकता करा. समजा क्लोरीनसाठी ७१ ऐवजी ३५.५ घेतले. मग क्लोरीन ०.४ मोल दिसतो, अ‍ॅल्युमिनियम आधी संपल्यासारखं वाटतं आणि उत्तर येतं २६.७ ग्रॅम. भांड्यात एकूण १९.६ ग्रॅमच घातलं होतं! तीस सेकंदांच्या बेरजेने ही चूक पकडली जाते, कुणाला विचारायची गरजही उरत नाही.

टायट्रेशनमध्ये कुठल्या टप्प्याला कुठलं सूत्र?

टायट्रेशन म्हणजे आम्लात मोजून थोडीथोडी अल्कली घालत जाणं. केमिस्ट्रीत या प्रश्नावर बरीच मदत मागितली जाते. कारण एकाच गणितात चार वेगळी गणितं दडलेली असतात. प्रत्येक टप्प्यावर एकच विचारा: या क्षणी भांड्यात काय काय आहे? वरचंच अ‍ॅसेटिक आम्ल घेऊ. त्याचा केए (विघटन-स्थिरांक) = ०.००००१८.

सुरुवातीला नुसतं दुर्बल आम्ल आहे. ०.००००१८ × ०.१०० चं वर्गमूळ ०.००१३४, पीएच २.८७.

१२.५ मिली अल्कली घातल्यावर निम्म्या आम्लाचं अ‍ॅसिटेट झालं. आम्ल आणि अ‍ॅसिटेट सारखे, गुणोत्तर १, लॉग शून्य. पीएच म्हणजे थेट पीकेए: ४.७४. बफरचं सूत्र (पीएच = पीकेए + त्या गुणोत्तराचा लॉग) फक्त अशा मधल्या भागात चालतं, दोन्ही घटक पुरेशा प्रमाणात असताना.

२५ मिलीला आम्ल संपलं. भांड्यात आहे अ‍ॅसिटेट, आणि अ‍ॅसिटेट हा दुर्बल बेस आहे. म्हणून पीएच ७ नाही. सबल आम्ल आणि सबल अल्कली यांच्यातच तो ७ येतो. अ‍ॅसिटेटचं प्रमाण इथे ०.१०० नव्हे, ०.०५०० मोलार, कारण आकारमान दुप्पट होऊन ५० मिली झालं. केबी (बेसचा तसाच स्थिरांक) पाठ करत बसू नका, केडब्ल्यूला (पाण्याचा स्थिरांक, १०⁻¹⁴) केए ने भागा. त्या किमतीला ०.०५०० ने गुणून वर्गमूळ घेतलं की हायड्रॉक्साइड ०.०००००५२७ मोलार, पीओएच (हायड्रॉक्साइडचा ऋण लॉग) ५.२८, तो १४ मधून वजा करून पीएच ८.७२. आकारमान दुप्पट करायचं विसरलात तर ८.८७ येतो. तुमचं उत्तर हे असेल तर चूक नेमकी तीच आहे, दुसरीकडे शोधू नका.

३० मिलीला ५ मिली अल्कली जास्तीची झाली: ०.५ मिलीमोल, एकूण ५५ मिलीत. हायड्रॉक्साइड ०.००९०९ मोलार, पीएच ११.९६. इथे अ‍ॅसिटेट विसरून चालतं.

इंडिकेटर कोणता, हेही इथूनच ठरतं. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग साधारण ८.२ ते १० मध्ये बदलतो, म्हणून तो चालतो. मेथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलून मोकळा होतो, म्हणून चालत नाही.

‘क्ष लहान आहे म्हणून सोडून द्या’ हे कधी चालतं?

सोडून दिल्यावर आलेला क्ष (विघटन झालेल्या आम्लाचं प्रमाण) मूळ प्रमाणाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर. वर ०.१०० मध्ये ०.००१३४, म्हणजे १.३ टक्के, ठीक. पण केए ०.००१४ असलेलं क्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल ०.१०० मोलार घेतलं तर क्ष ०.०११८ येतो, जवळजवळ १२ टक्के. तिथे वर्गसमीकरण सोडवावंच लागतं. मग क्ष ०.०११२ आणि पीएच १.९३ ऐवजी १.९५. पडताळणीची ती एक ओळ वहीत लिहा. तपासणाऱ्याला ती हवी असते.

गिब्ज ऊर्जेचं उत्तर हजारांत येतं. का?

गिब्ज ऊर्जेतला बदल म्हणजे एन्थॅल्पीतला बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल; तो ऋण असेल तर अभिक्रिया आपणहून होऊ शकते. एन्थॅल्पी किलोज्यूलमध्ये असते आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. अमोनिया तयार होण्याच्या अभिक्रियेत (एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन, दोन अमोनिया) एन्थॅल्पीतला बदल −९२.२ किलोज्यूल, एन्ट्रॉपीतला −१९८.७ ज्यूल प्रति केल्विन. २९८ केल्विनला: −९२.२ + २९८ × ०.१९८७ = −९२.२ + ५९.२ = −३३.० किलोज्यूल. हजाराने भागायचं राहिलं तर उत्तर +५९,००० च्या घरात जातं आणि अभिक्रिया होणारच नाही असा उलटा निष्कर्ष निघतो. ९२.२ ÷ ०.१९८७ = ४६४ केल्विन. एन्थॅल्पी आणि एन्ट्रॉपी फारशा बदलत नाहीत असं धरलं तर या तापमानाच्या वर चिन्ह पालटतं.

वायूच्या गणितात हाच घोळ स्थिरांकाचा होतो: लिटर आणि अ‍ॅटमॉस्फिअर असतील तर ०.०८२१, ज्यूल असतील तर ८.३१४. तापमान मात्र दोन्हीकडे केल्विनमध्येच.

रेडॉक्स समीकरण संतुलित झालं की नाही, कसं ओळखावं?

अणू मोजून थांबू नका, विद्युतभारही मोजा. आम्लधर्मी द्रावणात एका परमँगनेट आयनला ५ फेरस आणि ८ हायड्रोजन आयन लागतात. मिळतात एक मँगॅनीज (२+), ५ फेरिक आयन आणि ४ पाण्याचे रेणू. डावीकडचा भार −१ + १० + ८ = १७, उजवीकडचा २ + १५ = १७. फेरस आणि फेरिक दोन्हींपुढचा ५ विसरला तरी अणू दोन्हीकडे एकेक लोखंड दाखवून जुळतात. भार मात्र जुळत नाही.

ऑरगॅनिकमधले वाकडे बाण पाठ करावे लागतात का?

नाही. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो आणि ती जोडी जिथे जाते तिथे पोहोचतो. ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइड येतो तेव्हा पहिला बाण ऑक्सिजनच्या मोकळ्या जोडीपासून कार्बनकडे, दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. दुसरा बाण राहिला तर कार्बनला पाच बंध होतात, आणि तिथेच चूक दिसते. हायड्रोजन आयनपासून बाण काढलेला दिसला तर तो लगेच खोडा. त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत.

व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये ग्रीन, स्टोक्स की डायव्हर्जन्स थिअरम, हे कसं ठरवायचं?

प्रश्नात काय काढायला सांगितलंय आणि कशावर, ते बघा. प्रतलातल्या बंद वक्रावरचा लाइन इंटिग्रल असेल तर ग्रीन. अवकाशातल्या बंद वक्रावरचा असेल, किंवा एखाद्या पृष्ठभागातून कर्लचा (सदिश क्षेत्र, म्हणजे व्हेक्टर फील्ड, किती गरगरतं त्याचं माप) फ्लक्स (आरपार जाणारा एकूण प्रवाह) विचारला असेल, तर स्टोक्स. बंद पृष्ठभागातून फ्लक्स असेल तर डायव्हर्जन्स. वक्र बंद नसेल तर आधी क्षेत्राला पोटेन्शियल (ज्याचे डेरिव्हेटिव्ह घेतले की ते क्षेत्र मिळतं असं फल) आहे का ते तपासा. असेल तर दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी एवढंच काम उरतं.

स्टोक्सचं प्रमेय पहिल्यांदा छापलं गेलं तेच १८५४ मध्ये, केंब्रिजच्या एका बक्षीस-परीक्षेतला प्रश्न म्हणून. तेव्हा पहिल्या वाचनात ते अवघड वाटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

डायव्हर्जन्स थिअरम वापरलं, गणित बरोबर केलं, तरी फ्लक्स चुकला. काय राहिलं?

बहुधा झाकण. त्रिज्या १ चा वरचा अर्धगोल आणि क्षेत्र (०, ०, झ + १) घ्या. अर्धगोलाच्या घुमटातून बाहेर जाणारा फ्लक्स हवाय. डायव्हर्जन्स (क्षेत्र एका बिंदूपासून किती पसरतं त्याचं माप) १, अर्धगोलाचं घनफळ २π/३, म्हणून उत्तर २π/३ असं लिहून मोकळे होतात. पण घुमट खालून उघडा आहे. प्रमेय लागू होतं ते घुमट आणि तळाची चकती मिळून बनलेल्या बंद पृष्ठभागाला. चकतीवर झ = ०, तिथे क्षेत्र (०, ०, १), आणि बाहेरचा नॉर्मल (पृष्ठभागाला लंब सदिश) खाली: (०, ०, −१). गुणाकार −१, क्षेत्रफळ π, म्हणून चकतीचा फ्लक्स −π. घुमटाचा फ्लक्स = २π/३ − (−π) = ५π/३.

पाठ्यपुस्तकांतली सोपी उदाहरणं अनेकदा (क्ष, य, झ) हे क्षेत्र घेतात. तिथे चकतीचा फ्लक्स शून्य येतो, त्यामुळे झाकण विसरलं तरी उत्तर बरोबर येतं. वाईट सवय तिथेच लागते.

कर्ल शून्य आहे, मग बंद वक्रावरचा इंटिग्रल शून्य का येत नाही?

क्षेत्र (−य, क्ष) भागिले (क्ष² + य²) घ्या. डेरिव्हेटिव्ह काढा, कर्ल खरोखर शून्य येतो. आता मूळबिंदूभोवतीच्या कोणत्याही त्रिज्येच्या वर्तुळावर इंटिग्रल करा: उत्तर २π. यात विरोध नाही. वर्तुळाच्या आत, मूळबिंदूवर, क्षेत्राला किंमतच नाही, आणि ग्रीनच्या प्रमेयाची अट अशी की आतल्या प्रत्येक बिंदूवर क्षेत्र नीट असायला हवं. वर्तुळ बाजूला सरकवून मूळबिंदू बाहेर ठेवला की इंटिग्रल शून्य होतो. म्हणून छेदात क्ष² + य² दिसलं की थांबा आणि छेद शून्य होणारा बिंदू आत आहे का ते बघा.

पोटेन्शियल काढताना उत्तर दुप्पट येतं.

तिन्ही घटकांचे इंटिग्रल वेगवेगळे काढून त्यांची बेरीज केली असेल. क्षेत्र (२क्षय + झ, क्ष², क्ष) असेल तर पहिल्या घटकाचा क्ष-बाबत इंटिग्रल: क्ष²य + क्षझ, अधिक य आणि झ यांचं एखादं अज्ञात फल. आता याचं य-बाबत डेरिव्हेटिव्ह घ्या: क्ष² अधिक त्या फलाचं डेरिव्हेटिव्ह. ते दुसऱ्या घटकाएवढं, म्हणजे क्ष² हवं. म्हणून अज्ञात फलात य नाही. झ-बाबत तसंच केलं की झ-ही नाही. पोटेन्शियल क्ष²य + क्षझ, अधिक स्थिरांक. सरसकट बेरीज केली तर समान पदं दोनदा मोजली जातात.

जेकोबियन कधी लावायचा आणि कधी नाही?

जेकोबियन म्हणजे निर्देशक बदलताना लागणारा गुणक. घनफळाचा इंटिग्रल गोलीय निर्देशकांत नेताना रो² गुणिले साइन फाय (रो म्हणजे मूळबिंदूपासूनचं अंतर, फाय म्हणजे झ-अक्षापासूनचा कोन) लावायचाच. विसरलात तर त्रिज्या अ च्या गोलाचं ‘घनफळ’ २π²अ येतं. ती तर नुसती लांबी झाली! पृष्ठभाग मात्र पॅरामीटरने लिहिला असेल तर दोन स्पर्शसदिशांच्या क्रॉस गुणाकारातच तो गुणक आलेला असतो. वर पुन्हा जेकोबियन लावू नका. आणि फ्लक्ससाठी त्या क्रॉस गुणाकाराला त्याच्या लांबीने भागून युनिट नॉर्मल करत बसू नका. तसं केलंत तर क्षेत्रफळाच्या घटकात तीच लांबी पुन्हा गुणावी लागते, आणि ते हमखास राहून जातं.

मदत मागताना कोन कोणता ते सांगा. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत झ-अक्षापासूनचा कोन फाय असतो, फिजिक्सच्या पुस्तकांत तोच थीटा. साइन चुकीच्या कोनाला लागलं की पुढचं सगळं चुकतं.

उत्तर बरोबर, फक्त चिन्ह उलटं. गुण जातील का?

जातील, आणि जायला हवेत. चिन्ह म्हणजे दिशा. स्टोक्ससाठी उजव्या हाताचा अंगठा नॉर्मलच्या दिशेने धरा, बोटं वळतात ती वक्राची दिशा. ग्रीनसाठी वक्रावरून चालताना प्रदेश डाव्या हाताला राहायला हवा. प्रदेशाला मधे भोक असेल तर आतल्या कडेवर म्हणूनच घड्याळाच्या दिशेने चालावं लागतं.

सॉफ्टवेअर किंवा एआय चॅटबॉटची मदत घ्यावी का?

पडताळणीसाठी जरूर. जिओजेब्रात पृष्ठभाग फिरवून बघितला की झाकण कुठे उघडं आहे ते दिसतं. वुल्फ्रॅम अल्फा किंवा पायथनमधलं सिम्पाय इंटिग्रल तपासून देतं. मात्र इंटिग्रल मांडण्याचं काम तुमचंच: मर्यादा चुकीच्या दिल्या तर चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळतं.

चॅटबॉट चुकीची पायरीही बरोबर पायरीइतक्याच खात्रीने लिहितो. त्याला ‘हे सोडव’ म्हणण्याऐवजी तुमची मांडणी देऊन ‘यातली पहिली चुकीची ओळ कोणती?’ असं विचारा. उत्तर आलं की वरचे ताळे स्वतः लावा: वस्तुमान, भार, एकक, डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ क्षेत्र परत मिळतं का. ऑरगॅनिक रचनांत प्रत्येक कार्बनचे बंध मोजा.

मदत आणि नक्कल यांतली रेघ कुठे?

कॉलेजचा आणि त्या विषयाचा नियम आधी वाचा, कारण काही ठिकाणी एकत्र सोडवायला परवानगी असते, काही ठिकाणी नसते. परवानगी असेल तिथे एक कसोटी उपयोगी पडते: समजावून घेतल्यावर कागद बाजूला ठेवा, अर्ध्या तासाने कोऱ्या पानावर तेच गणित आकडे बदलून करा. जमलं तर ते तुमचं. नाही जमलं तर ते अजून समजावणाऱ्याचंच आहे, स्वतःचं म्हणून देऊ नका.

पुस्तकामागचं उत्तर वेगळं येतंय. पुस्तक चुकलं असेल का?

कधीकधी चुकतं. पण आधी फरकाचं गुणोत्तर काढा. २ पट असेल तर मोलचं गुणोत्तर किंवा रेणूतले अणू बघा, १००० पट असेल तर किलो किंवा मिली, फक्त चिन्ह असेल तर दिशा. पीएचमध्ये ०.३० चा फरक असेल तर प्रमाण दुप्पट किंवा निम्मं झालंय, कारण २ चा लॉग ०.३०. दुर्बल आम्ल-बेसमध्ये वर्गमूळामुळे तोच फरक ०.१५ होतो, वरचे ८.७२ आणि ८.८७ पुन्हा बघा.

उद्या द्यायचंय, दहा गणितं बाकी आहेत. काय करू?

दहाही गणितांची फक्त मांडणी आधी करा: केमिस्ट्रीत संतुलित समीकरण आणि मोल, कॅल्क्युलसमध्ये चित्र, प्रमेयाचं नाव आणि मर्यादा. साधारण एका तासात होतं. मांडणी जिथे होतच नाही अशी गणितं वेगळी काढा, बहुतेक दोन किंवा तीन निघतात, आणि मदत फक्त त्यांच्यासाठी मागा. बाकीच्यांचा हिशेब मदत येईपर्यंत पुरा करा. जे अपुरं राहील तिथे अडलेली ओळ स्पष्ट लिहून द्या: ‘इथे चकतीचा नॉर्मल कोणत्या दिशेला घ्यायचा ते ठरवता आलं नाही.’ तपासणाऱ्याला नेमकं तिथेच उत्तर लिहिता येतं.